समुद्रकाठच्या वाडीतील अवजारे: दापोली किनाऱ्यावरील एक प्रकरण

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर चार दिवसांनी, हर्णैच्या उत्तरेकडील एका गावातून एका वाडीच्या मालकांनी मला बोलावून घेतले. बागकामाची जुनी अवजारे भंगारात द्यायची ठरली होती आणि नवी कोणती घ्यावीत, याचा सल्ला त्यांना हवा होता. मी पोहोचलो तेव्हा पडवीत जुन्या चादरीवर सगळे सामान मांडून ठेवले होते: गवत कापायचे दोन-स्ट्रोक यंत्र (ज्याला आपल्याकडे सरसकट ग्रास कटर म्हणतात), हाताने ढकलायचा रीळवाला लॉन मोवर, दोन सिकेटर (फांद्या छाटायच्या हातकात्र्या), कुंपण छाटायची मोठी कात्री, लांब दांड्याची करवत, दोन फावडी, कुदळ, टिकाव, दोन दाताळी, चार खुरपी, एक हातगाडी आणि फवारणीचा पंप. यांपैकी बहुतेक वस्तू घेऊन जेमतेम दोन पावसाळे झाले होते. दुकानदाराने निकृष्ट माल गळ्यात मारला, असे मालकांचे मत होते. वाडीत पंचविसेक वर्षे काम करणाऱ्या काकांनी अवजारांची हेळसांड केली, असे मालकांच्या मुलाचे म्हणणे होते. काका मात्र गप्प उभे होते. बऱ्याच वेळाने ते एवढेच म्हणाले, "भाऊ, धुतलं नाय तरी गंजतं, धुतलं तरी गंजतं. मी करू काय?"

त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात हे वाक्य सर्वांत मोलाचे ठरले, कारण काका खरोखरच रोज अवजारे धुऊन ठेवत होते.

वाडीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा बाणकोट खाडीच्या दक्षिणेकडील दापोली आणि मंडणगडच्या पट्ट्यातही नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. या वाडीतील पोफळी जवळजवळ सगळ्या गेल्या आणि नारळ निम्म्याहून अधिक मोडले. त्यानंतर मालक मुंबईहून गावी परतले, घराला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या, मोकळ्या झालेल्या जागेत सुमारे आठ गुंठ्यांची, म्हणजे ८०० चौरस मीटरच्या आसपास, हिरवळ केली आणि तिच्या कडेने जास्वंदीचे कुंपण, बाणवली नारळाची रोपे, चिकू आणि आंब्याची कलमे लावली. ज्या जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या पोफळीच्या सावलीमुळे ऊन लागत नव्हते, तिथे पावसाळ्यात कमरेएवढे गवत वाढू लागले. पूर्वी या वाडीला कोयता, पहार, फावडे आणि खुरपे यांपलीकडे फारसे काही लागत नव्हते. यंत्रांची गरज सावली गेल्यामुळे निर्माण झाली. यंत्रे आणि अवजारे एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणि मुख्यतः दिसण्यावरून घेतली गेली. वाडीपासून भरतीची रेषा अडीचशे मीटरवर आहे, याचा खरेदीच्या वेळी कोणी विचार केला नव्हता.

अवजारे पुन्हा जागेवर टांगून पाहणे

मी काकांना विनंती केली की, चादरीवरची प्रत्येक वस्तू पूर्वी जिथे ठेवली जात होती तिथेच पुन्हा नेऊन ठेवावी. अवजारांची खोली म्हणजे घराच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या अंगाला उभी केलेली पत्र्याची शेड होती. तिला एकच दार होते, खिडकी नव्हती, आणि चोरीच्या भीतीने दार सदैव बंद असे. अर्ध्या तासात सगळे जागेवर गेले आणि जे चादरीवर दिसत नव्हते ते लगेच दिसू लागले. दारापाशी टांगलेल्या खुरप्यांवर तांबूस पातळ गंज होता. मधल्या भिंतीवरील फावड्यांवर त्याची जाड खपली झाली होती. उत्तरेच्या कोपऱ्यातील सिकेटर आणि कुंपणाची कात्री मात्र इतकी खाल्ली गेली होती की पात्यांवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. गंज कोपऱ्याकडे चढत गेला होता.

त्या कोपऱ्यात खाली एक निळा डबा होता. त्याचे झाकण तडकले होते आणि आत विहिरीत व पाण्याच्या टाकीत टाकण्यासाठी आणलेली टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर होती. शेजारी पोटॅश खताचे अर्धे भरलेले पोते भिंतीला टेकून ठेवले होते आणि त्याच्या तळाशी जमीन ओली होती. टीसीएल पावडर दमट हवेत आपोआप विघटित होत राहते आणि तिच्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत लोखंडाला अक्षरशः खातो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेच भावंड. त्याची धूळ अवजारावर बसली की ती हवेतील ओलावा ओढून घेते. शेतकऱ्यांच्या घरी खत आणि अवजारे एकाच खोलीत ठेवण्याची पद्धत मी सर्वत्र पाहतो. जागा कमी असते, हे मला मान्य आहे, तरीही माझ्या मते समुद्रकाठी ही एकच सवय बाकी सर्व चुकांहून महाग पडते.

दुसरा शोध विहिरीवर लागला. काका अवजारे विहिरीच्या पाण्याने धूत. मी पाणी चाखून पाहिले. ते पिण्याइतके गोड नव्हते, पण तोंड वाकडे करावे इतके खारटही नव्हते. किनाऱ्यावरच्या पुष्कळ विहिरींना असे मचूळ पाणी असते आणि उन्हाळ्यात, विहिरीचा साठा खाली गेला की ते अधिक मचूळ होते. चव फसवी असते, म्हणून मी स्टीलच्या दोन स्वच्छ ताटल्या मागवल्या. एकीत विहिरीचे चमचाभर पाणी ओतले, दुसरीत ग्रामपंचायतीच्या नळाचे, आणि दोन्ही उन्हात ठेवल्या. चहा होईपर्यंत पाणी सुकले. नळाच्या पाण्याच्या जागी पुसटसा डाग उरला, विहिरीच्या पाण्याच्या जागी मात्र कडेने पांढरे, बोटाला खरखरीत लागणारे कडे उमटले. काकांनी त्यावरून बोट फिरवले, जिभेला लावले आणि मान हलवली. रोज संध्याकाळी प्रत्येक पात्यावर असेच कडे उमटत होते.

मिठाचा हा मुद्दा थोडा उलगडून सांगणे आवश्यक आहे, कारण "पाऊस संपला की गंज थांबतो" असा समज आपल्याकडे पक्का आहे. लोखंडाच्या स्वच्छ पृष्ठभागावर गंज वेगाने चढू लागण्यासाठी हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर जावी लागते. साधे मीठ मात्र आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतीलच पाणी शोषून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात असलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांवरच ओले होते. आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता इतकी खाली क्वचितच जाते. याचा अर्थ, खाऱ्या हवेतील मिठाचा थर ज्या पात्यावर बसला आहे ते पाते आपल्याला कोरडे दिसत असले तरी त्याच्या दृष्टीने वर्षभर ओलेच असते. दापोलीत सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु उघड्यावर पडणारा पाऊस निदान मीठ धुऊन तरी नेतो. छपराखाली टांगलेल्या अवजारावर ते साचत राहते. म्हणूनच या वाडीतील अवजारे वापरताना झिजून गेली नव्हती, ती टांगलेल्या जागी गंजून गेली होती.

याला अपवाद ठरलेली एक वस्तू त्याच घरात होती. मालकांच्या आजोबांचा कोयता, गावच्या लोहाराने गाडीच्या कमानपाट्यातून घडवलेला, पडवीच्या आढ्याला खोचून ठेवलेला असे. त्याच्या पात्यावर काळपट, गुळगुळीत पटल होते आणि धारेवर मात्र चकाकी होती. कमानपाट्याचे पोलाद कार्बनयुक्त असते आणि गंजण्यात ते इतर साध्या पोलादाहून मुळीच मागे नसते. तो टिकला होता तो दोन कारणांनी: नारळ सोलायला, झापे तोडायला तो रोज हातात घेतला जाई, आणि काम झाले की काका तो सोडणाने (नारळाच्या बाहेरच्या सालीने) घासून, कमरेच्या फडक्याने पुसून, खोबरेलाचे बोट फिरवून ठेवत. विहिरीवर तो कधी जात नसे. नव्या, चकचकीत अवजारांना मात्र "नीट धुऊन ठेवा" असे मालकांनीच बजावले होते.

ग्रास कटर

सर्वांत मोठा खर्च ग्रास कटरचा होता, म्हणून त्याची पाहणी मी सावकाश केली. त्याची गोष्ट काकांनी सांगितली ती अशी. नोव्हेंबरात शेवटचे गवत काढल्यावर टाकीत उरलेले पेट्रोल तसेच ठेवून यंत्र शेडमध्ये ठेवले गेले. जूनमध्ये पाऊस लागल्यावर ते सुरू होईना. मुलाने दोरी ओढून ओढून दोरीच तोडली. नवी दोरी घातल्यावर यंत्र कसेबसे सुरू झाले, पण रेस दिली की गुदमरून बंद पडू लागले.

कार्ब्युरेटर उघडल्यावर आत चिकट, हिरवट-तपकिरी साका मिळाला आणि रबरी पडदा पापडासारखा कडक झालेला होता. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळाशीच असते. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच वंगण असल्यामुळे तळाशी बसलेला हा पाण्याचा थर इंजिनात वंगणाशिवाय पोहोचतो. लहान इंजिनांच्या अनेक माहितीपुस्तिकांमध्ये इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे छापलेले असते. आपल्याकडे दुसरे पेट्रोल मिळत नसेल, तर ते साठवायचे नाही एवढा एकच उपाय हाती उरतो. याशिवाय या यंत्राच्या पुस्तिकेत एका लिटरला ४० मिलिलिटर ऑइल, म्हणजे पंचवीस भागांस एक भाग, असे स्पष्ट लिहिले असताना ऑइल "बाटलीच्या झाकणाने, अंदाजाने" घातले जात होते.

पात्याच्या नटाचा प्रकार अधिक वाईट होता. ग्रास कटरच्या पात्याला धरणारा नट सामान्यतः उलट्या आट्यांचा असतो. नेहमीचा नट ज्या दिशेने घट्ट होतो त्या दिशेने तो सैल होतो. हे कोणी सांगितलेच नव्हते. मुलाने पान्याला पाइप लावून जोर केला, नट अधिकच आवळला गेला आणि त्याच्या कडा गोल झाल्या. त्यामुळे नायलॉन दोरीचे डोके काढून धातूचे पाते बसवणे अशक्य झाले आणि दोन्ही पावसाळे सगळे गवत, अगदी जाड बुंध्याची झुडपेही, दोरीनेच काढली गेली.

त्याचा परिणाम बागेत दिसत होता, आणि मला सर्वांत अधिक वाईट त्याचे वाटले. चिकूच्या दोन कलमांच्या बुंध्याशी, जमिनीपासून चार बोटांवर, साल गोलाकार सोलली गेली होती. फिरती दोरी कोवळ्या सालीला करवतीसारखी लागते, आणि सालीचे कडे पूर्ण तुटले की पानांनी केलेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड लगेच मरत नाही, काही महिने हिरवेच दिसते, त्यामुळे दोष पाण्याला किंवा खताला दिला जातो. नारळाच्या एका रोपाच्या बुडाशीही दोरीच्या जखमा होत्या. नारळाला जखम झाली की सोंड्या भुंग्याची मादी तिथे अंडी घालते आणि आत अळ्या खोड पोखरू लागल्या की बाहेरून कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. चक्रीवादळात गेलेल्या झाडांच्या जागी एवढ्या आशेने लावलेली रोपे अवजाराच्या चुकीने जावीत, हे मालकांनाही फार लागले. त्या दिवशी सर्वप्रथम जे काम केले ते हेच: प्रत्येक झाडाच्या आळ्यात हातभर अंतरापर्यंत सोडणांचा जाड थर पसरला आणि त्या वर्तुळात यंत्र न्यायचे नाही, तिथली बेणणी खुरप्यानेच करायची, असा नियम घातला.

काय वाचवले, काय बदलले

फावडी, कुदळ, टिकाव आणि खुरपी यांची पोलादी पाती जाड असल्यामुळे ती वाचणार हे उघड होते. तारेच्या ब्रशने खपली काढली, धार कानशीने लावली, एवढेच. कुजलेले दोन दांडे बदलले. गावातील सुताराने धामणीचे दांडे करून दिले. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असल्याने कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी ते पूर्वापार वापरले जाते. दांड्यांना जवसाचे तेल चोळले. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेटू शकतो. ते मोकळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावेत.

सिकेटरपैकी एकाच्या पात्यावर क्रोमचा मुलामा होता. तो मुलामा पापुद्र्यासारखा उचलला गेला होता आणि खाली गंज पसरला होता. पातळ मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे असतातच. एकदा मीठ आत शिरले की वरची चकाकी आतला गंज झाकून ठेवण्यापलीकडे काही करत नाही. तो टाकून दिला. दुसरा साध्या पोलादाचा होता. तो पूर्ण सुटा केला, लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात पाती चार तास बुडवली, जुन्या टूथब्रशने घासली, नळाच्या पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळली आणि तत्क्षणी कोरडी केली. आम्ल उतरल्यावर उघडे पडलेले लोखंड दहा मिनिटांतही पुन्हा तांबूस होते, म्हणून या टप्प्यावर फोन आला तरी उठायचे नसते. धार लावताना तिरपी बाजू तेवढी, तिच्या मूळच्या उतारानेच घासायची. सपाट बाजूवर कानस घातली की दोन पात्यांमध्ये फट पडते आणि फांदी कापली जाण्याऐवजी चिरडते. काकांनी जास्वंदीची एक कोवळी काडी कापून पाहिली. काप ओला, गुळगुळीत आणि एकसंध आला. "अशी तर नवी असतानाही कापत नव्हती," असे ते म्हणाले.

नव्या सिकेटरच्या बाबतीत मालकांचा ओढा स्टेनलेस स्टीलकडे होता आणि तो स्वाभाविक होता. परंतु धार धरणारे स्टेनलेस आणि भांड्यांचे स्टेनलेस एक नव्हे. पात्यासाठी जे कडक स्टेनलेस वापरतात त्याची गंजरोधकता कमी असते आणि समुद्राच्या मिठापुढे त्यावरही खड्डे पडतात. मी कार्बन पोलादाचा, पण पूर्ण सुटा होणारा आणि ज्याची स्प्रिंग व मधला बोल्ट वेगळा विकत मिळतो असा सिकेटर घ्यायला सांगितले. माझा ठाम आग्रह असतो की किनाऱ्यावर अवजार घेताना "हे गंजेल का" यापेक्षा "हे उघडता येते का" हा प्रश्न आधी विचारावा, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी "होय" असेच असते.

रीळवाला मोवर काढून टाकला. हिरवळीच्या पात्याचा एका वेळी तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, असा संकेत आहे. कोकणातल्या जुलैत तो पाळायचा तर आठवड्यातून दोनदाही मोवर फिरवावा लागतो, आणि सतत पडणाऱ्या पावसात ते जमत नाही. मग गवत वाढते आणि उंच, ओले गवत रिळात अडकते. शिवाय वाडीची जमीन पुळणीची आहे; वाळूचा एकेक कण रीळ आणि खालचे पाते यांच्यात सापडून धार मारतो. त्याऐवजी फिरत्या पात्याचा मोवर घेतला. पत्र्याच्या ऐवजी जाड प्लास्टिकचे कवच असलेला घेतला, कारण ओले गवत कवचाच्या आतून चिकटून राहते आणि पत्रा तिथूनच सडतो.

ग्रास कटर दुरुस्त होण्यासारखा होता, पण इंजिनाच्या सिलिंडरवर ओरखडे पडले होते, त्यामुळे बदललाच. बॅटरीवरचे यंत्र घ्यावे का, यावर बरीच चर्चा झाली. त्यात पेट्रोल नाही, कार्ब्युरेटर नाही, ही मोठी सोय आहे. परंतु जून-जुलैत गावातील वीज कधी कधी सलग दोन दिवस जाते आणि गवत तेव्हाच जोरात असते. अखेर ३५ सीसीच्या आसपासचे चार-स्ट्रोक यंत्र घेतले. ते वजनाने जड असते, तरी ऑइल वेगळे असल्यामुळे मिश्रणाची चूक होत नाही. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला आणि दगडांपाशी दोरी, मोकळ्या जागेतील दणकट गवताला तीन दातांचे पाते, अशी विभागणी ठरली. जांभ्या दगडाला पाते आपटले की यंत्र झटक्याने उलटे फेकले जाते. म्हणून गमबूट, जाळीचा चेहरापट्टा आणि पंधरा मीटरच्या आत दुसरे माणूस नको, या तीन गोष्टी मी लेखी दिल्या. गमबूट आणखी एका कारणासाठी हवेत. गडग्याच्या सांदीत फुरसे हा विषारी साप असतो, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही, तरी चप्पल घालून गवत काढणारे लोक मी दर पावसाळ्यात पाहतो. चेनसॉ घ्यायचा नाही, वर्षातून एखाद्या वेळी लागला तर चालवणाऱ्या माणसासह भाड्याने आणायचा, असे ठरले.

जागा आणि शिस्त

अवजारांची जागा पूर्वेच्या पडवीच्या टोकाला, घराच्या आडोशाला नेली. जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लाकडी चौकट उभी केली आणि तिला लाकडी खुंट्या मारल्या. वरून आणि खालून हवा खेळती राहील एवढी फट ठेवली. टीसीएल पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पिंपात भरून जुन्या शेडमध्येच ठेवली आणि खतेही तिथेच राहिली.

धुण्यासाठी विहिरीचे पाणी बंद केले. कोरडी माती करवंटीने खरवडायची, गरज असेल तरच नळाचे किंवा पागोळीचे पाणी वापरायचे, फडक्याने कोरडे पुसायचे आणि तेलाचा हात फिरवायचा. रोजच्या वापराला खोबरेल चालते आणि आंब्या-फणसाचा चीक काढायला ते उत्तमच आहे, परंतु महिनोन्‌महिने ठेवायच्या वस्तूवर ते खवट होते. अशा वस्तूंना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर दिला. गाडीतून काढलेले जळके ऑइल वापरण्याची पद्धत मी बंद करायला लावली, कारण त्यात आम्ले आणि धातूचे कण असतात आणि तेच फडके पुढे हाताला आणि मातीला लागते. अवजारे तेलात भिजवलेल्या वाळूच्या बादलीत खुपसून ठेवावीत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. इथे वाळू म्हणजे पुळणीची किंवा खाडीची वाळू, आणि तिच्यात मीठ असते. म्हणून तो मोडीत काढला.

यंत्राचा नियम एकाच ओळीचा होता: पंधरा दिवसांहून अधिक थांबणार असेल तर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे. हंगामाच्या शेवटी प्लग काढून छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचे, दोरी हळूहळू दोन-तीनदा ओढायची आणि प्लग पुन्हा बसवायचा.

वर्षातून दोनदा सर्व काही उघडून पाहण्यासाठी तारखा हव्या होत्या. मी दिनदर्शिकेत खुणा करू लागलो तेव्हा काका म्हणाले, "खंडेनवमीला आम्ही कोयता-पारय पुजतोच की." यापेक्षा चांगला दिवस सापडला नसता: पाऊस सरत आलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागलेली असते आणि प्रत्येक अवजार पाटावर मांडण्यासाठी बाहेर काढले जातेच. पूजेच्या आदल्या दिवशी पूर्ण साफसफाई, आणि दुसरी तपासणी रोहिणी नक्षत्र लागते तेव्हा, म्हणजे २५ मेच्या सुमारास, पावसाच्या तोंडावर, असे ठरले.

एका पावसाळ्यानंतर

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा वाडीत गेलो. फावडी आणि कुदळ यांच्यावर आजोबांच्या कोयत्यासारखेच काळपट पटल धरू लागले आहे. चार-स्ट्रोक यंत्र जूनमध्ये तिसऱ्या ओढीला सुरू झाले होते. नारळाचे जखमी रोप तगले. चिकूच्या दोन कलमांपैकी एक गेले. एक खुरपे गवतात हरवले आणि दीड महिन्याने मोवरच्या पात्याला लागून सापडले, पात्याला खाच पडली. आता सर्व खुरप्यांच्या मुठींना भगवा रंग लावला आहे.

दोन ठिकाणी मात्र माझाच अंदाज चुकला. जुन्या सिकेटरची स्प्रिंग ऑगस्टमध्ये तुटली. बाहेरून ती तेलकट दिसत होती, पण वेटोळ्यांच्या आतल्या अंगाला तेल पोहोचत नव्हते. रोज पुसण्याबरोबर महिन्यातून एकदा ती काढून तेलात बुडवायला मी सांगायला हवे होते. दुसरी चूक मोवरची आहे. त्याच्या उंची बदलायच्या दांडीचा पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या बैठकीत बसवलेला आहे. दोन भिन्न धातू एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारट ओल असली की त्यांपैकी ॲल्युमिनियम झिजू लागते; तिथे पांढरी भुकटी साचली होती आणि बोल्ट जागचा हलत नव्हता. डिझेल सोडून दोन तास ठेवले, पान्याने अलगद मागे-पुढे केले, तेव्हा तो सुटला. आता त्याच्याखाली नायलॉनची चकती घातली आहे, आट्यांना जलरोधक ग्रीस भरले आहे आणि दर पंधरा दिवसांनी तो अर्धा फेरा सोडून पुन्हा आवळण्याचे काम मुलाने स्वतःकडे घेतले आहे.